डबल बेल

आमच्या यवतमाळला धावपट्टी आहे, विमान नाही. भारी गावाजवळचा हा विमानतळ २००९ साली लातूर, नांदेड, बारामती आणि उस्मानाबाद यांच्या पंगतीला बसवून एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला गेला. तेव्हा सकाळी मुंबईला जायचं, मंत्रालयात फाईल सरकवायची आणि रात्री घरी येऊन जेवायचं, अशी गणितं गावातल्या पानठेल्यांवर मांडली गेली होती. पुढे त्या धावपट्टीवर पुढारी उतरले, पुढाऱ्यांचे पाहुणे उतरले, पण आपण तिकीट काढून बसावं असं विमान काही लागलं नाही. रेल्वेची तऱ्हा उलटी. तिथे गाडी होती, घाई नव्हती. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला डुलत डुलत निघायची, तिचा गार्डच स्टेशनात उतरून तिकिटं विकायचा, आणि एक दिवस तीही थांबली ती थांबलीच. वर्ध्याकडून नवी ब्रॉडगेज निघाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबला पोचली. आता आलीच आहे तर तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेऊन पुढे निघेल.

उरली एसटी. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा, कुठेही जायचं तर तिच्याच पायऱ्या चढायच्या. तेव्हा प्रवास म्हणजे काय आणि प्रवासात आपल्यावर हुकूम कोणाचा, याचं आमचं सगळं ज्ञान एसटीत झालेलं आहे. माझ्या भाचीला विमान कंपनीत केबिन क्रूची नोकरी लागल्याची बातमी घरात आली, तेव्हा तिच्या मोठ्या बाबांनी चष्मा पुसत एकच प्रश्न विचारला, "म्हंजे इमानातली कंडक्टर का?"

बहिणीचा चेहरा पडला. नागपूरच्या क्लासची फी भरताना तिने गल्लीभर 'एअर होस्टेस' हा शब्द वाटला होता, आणि इथे घरच्याच माणसाने तिची खाकीत बदली करून टाकली. भाची मात्र हसून म्हणाली, "हाव मोठे बाबा, तेच."

मला वाटलं, पोरगी मोठ्यांचा मान राखते आहे. पण ती सुटीवर येत गेली आणि एकेक सांगत गेली, तसतशी माझी खात्री होत गेली की मोठ्या बाबांनी केली त्याहून नेमकी व्याख्या विमान कंपनीच्या माहितीपत्रकातसुद्धा सापडणार नाही.

कंडक्टरचं काम तिकीट देण्याचं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा लग्नसराईत पुसद गाडीने जाऊन पाहावं. कोंबड्यांची टोपली कुठे ठेवायची, रुमाल टाकून धरलेली जागा रुमालवाल्याची की आधी बसलेल्याची, पोराला उलटी होणार असेल तर खिडकीची जागा कोणी सोडायची, दारू पिऊन चढलेल्याला कोणत्या थांब्यावर उतरवायचं, हे सगळे निवाडे तोच करतो. तिकीट हे निमित्त. विमानातही चहा आणि सँडविच हे निमित्तच आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दर पन्नास आसनांमागे किमान एक केबिन क्रू लागतो, म्हणजे १८० आसनांच्या विमानात चार. हा आकडा चहा वेळेवर मिळावा म्हणून काढलेला नाही. अपघात झाला तर दारं उघडून माणसं बाहेर काढायला कोणी हवं, म्हणून काढला आहे. प्रवासी विमानाला परवानगी मिळते तीच मुळी एका अटीवर: भरलेलं विमान, अंधार, अर्धी दारं बंद, आणि तरी नव्वद सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत. नव्वद सेकंदांत आमच्या यवतमाळच्या स्टँडवर नागपूर गाडीतून एकही माणूस उतरत नाही, कारण चढणारे दारात उभे असतात.

त्यामुळे तिच्या प्रशिक्षणात ट्रे कसा धरायचा हा भाग थोडा आणि आग, धूर, पाणी हा भाग फार. घसरगुंडीवरून उड्या, पोहण्याच्या तलावात तराफा, बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करणं, आणि वेळ आलीच तर आकाशात बाळंतपण. शिवाय ओरडणं. हो, ओरडण्याचाही तास असतो. विमान रिकामं करताना हुकूम द्यायचे ते छोटे, कडक आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील असे. आयुष्यभर 'हळू बोल' ऐकत वाढलेल्या मुलींचा तिथे आवाजच फुटत नव्हता. आमच्या पोरीने पहिल्याच आरोळीत खोली हलवली. प्रशिक्षकाने विचारलं, आधी कुठे काम केलंय? तिने सांगितलं, कुठे नाही, पण कापूस वेचणाऱ्या बायांना बांधावरून चहाला हाका मारल्या आहेत.

निवडीच्या वेळचे किस्से तर बहिणीला अजून पचलेले नाहीत. आखातातल्या एका मोठ्या कंपनीत चवड्यांवर उभं राहून हात वर केला की बोटं २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचावी लागतात, कारण संकटात लागणारं सामान वरच्या कप्प्यांत असतं. हे कळल्यावर बहिणीने महिनाभर पापडांचा डबा माळ्यावरून स्वतः काढला नाही. पोरीला चवड्यांवर उभं करून तिच्याकडूनच काढवला. दुसरी अट अशी की गणवेशाबाहेर दिसेल असं गोंदण अंगावर नको. आमच्या आजीच्या मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, चांदण्या आणि आजोबांचं नाव होतं. म्हणजे आमच्या घराण्यातली सर्वांत धीराची बाई, जिने एकदा जळत्या गंजीतून बैल सोडवून आणले होते, ती कागदपत्रं तपासायच्या आधीच बाद.

या नोकरीत धीराआधी रूप मोजायची रीत जुनीच आहे. जगातली पहिली एअर होस्टेस एलन चर्च. ती नर्स होती, विमान उडवायलाही शिकली होती. पायलट म्हणून कोणी घेईना, तेव्हा तिने कंपनीला सुचवलं की लोक विमानाला घाबरतात, तर निदान एखादी नर्स तरी बरोबर ठेवा. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत ती पहिल्यांदा ड्यूटीवर चढली. तिच्याबरोबर निवडलेल्या सगळ्या नर्सच होत्या, आणि वजन ११५ पौंडांच्या आत हवं अशी अट होती. कामं काय? प्रवाशांना धीर देणं, जेवण देणं, सैल झालेल्या खुर्च्यांचे स्क्रू आवळणं, आणि गरज पडली तर विमान हँगरमध्ये ढकलायला पायलटला हातभार लावणं. हे मी मोठ्या बाबांना वाचून दाखवलं तर त्यांना भारीच आनंद झाला. त्यांच्या हयातीत एसटीला धक्का नेहमी प्रवाशांनीच मारला होता. होस्टेस धक्का मारते आणि पाहुणे बसून राहतात, हा सेवेचा दर्जा त्यांना एकदम पटला.

आपल्याकडे तर रूप आणि वयाचा हिशोब थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईत मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या एअर इंडियाचा नियम असा होता की एअर होस्टेसने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच, आणि पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हाच. नर्गेश मिर्झा आणि इतरांचा खटला १९८१ साली निकाली निघाला. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली. मात्र चार वर्षं लग्न न करण्याच्या अटीत त्याला काही वावगं दिसलं नाही. मुलगी तेवढीच समंजस होते आणि कुटुंबनियोजनालाही हातभार लागतो, असं त्याचं मत पडलं. हे वाचून बहीण एकदम न्यायालयाच्या बाजूची झाली. "पाय, कोर्टानंही सांगतलं, चार वर्सं घाई नाई." पण मोठी आई थांबायला तयार नाही. तिच्या मते खरी अडचण वेगळीच आहे. ती स्थळवाल्यांच्या तोंडून तिने ऐकली आहे: "पोट्टी चांगली आहे वं, पण ते हवेत रायते, मंग सैपाक कोन करन?" यावर अजून कुठल्या न्यायालयाचा निकाल आलेला नाही.

नातेवाइकांचे बाकीचे गैरसमज मी भराभर सांगतो. तिकीट फुकट असतं, हा पहिला. सवलत असते, पण जागा रिकामी राहिली तरच, म्हणजे सामान बांधून विमानतळावर जायचं आणि कोणी चुकतंय का याची वाट पाहत बसायचं. एसटी कर्मचाऱ्यांच्या घरचा पास याहून जास्त भरवशाचा. दुसरा, जग बघायला मिळतं. देशातल्या देशात उडणाऱ्या पोरीला दिवसात चार-चार फेऱ्या असतात आणि जग म्हणून जे दिसतं ते मागच्या छोट्या स्वयंपाकघरातल्या गोल खिडकीतून. सगळ्यात वाईट वाटतं ते नागपूरचं. महिन्यातून कितीदा तरी ती नागपूरला उतरते. चाळीस मिनिटांत विमान झाडून, नवी माणसं भरून परत. दार उघडं असतं, बाहेरचं ऊन ओळखीचं असतं, घर दीडशे किलोमीटरवर असतं, आणि खाली पाय ठेवायला वेळ नसतो. आई फोनवर रुसते, "नागपूरपोत आली अन् घरी नाई आली?" त्यापेक्षा आमचा मुक्कामी गाडीचा कंडक्टर सुखी. रात्री गावात गाडी लावतो, सीटवर पथारी टाकतो, आणि सकाळी सरपंचाकडचा चहा पिऊन डबल बेल देतो.

आता पगाराबद्दल. आकडा मी सांगणार नाही, बहीण सांगते त्यातून थोडा वजा करा. पण मांडणी ऐकण्यासारखी आहे. मूळ पगार थोडा, आणि त्यावरचा भत्ता उड्डाणाच्या तासांवर. हे तास मोजायला सुरुवात होते ती विमान जागेवरून हललं की. त्याआधी दीड तास ती विमानतळावर आलेली असते. श्वासाची चाचणी देते (दारूचा अंश असलेला माऊथवॉशसुद्धा आता चालत नाही, मोहफुलाच्या हंगामात गावी येऊन गेल्यावर ती नुसत्या वासालाही घाबरते), सिलिंडर आणि जीवरक्षक जॅकेटं तपासते, दारात उभी राहून एकशे ऐंशी नमस्कार घालते, कोणाची बॅग कोंबते, दोन भावांची सीटवरून झालेली भांडणं मिटवते. या सगळ्या वेळी भत्त्याचं घड्याळ झोपलेलं असतं. जगभर थोड्याफार फरकाने हीच रीत आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने माणसं आत घेतानाच्या वेळेचेही पैसे द्यायला सुरुवात केली, तेही निम्म्या दराने, तर त्याची बातमी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांवर केबिन क्रू याच मुद्द्यावर संपावर गेले आणि अख्ख्या कंपनीची विमानं जमिनीवर बसली. विमान जमिनीवर असताना आमच्या कामाला किंमत नाही म्हणता ना, मग घ्या, सगळीच जमिनीवर. एसटीचा संप पाहिलेल्या माणसाला हा युक्तिवाद समजवावा लागत नाही.

इथवर कंडक्टर आणि केबिन क्रू खांद्याला खांदा लावून चालतात. पण एका ठिकाणी मोठे बाबा चुकले, आणि माझ्या मते या नोकरीतलं सगळं दुखणं तिथेच आहे. ते म्हणजे घंटी.

एसटीत छताखालून जाणारी ती दोरी कंडक्टरच्या हाताशी असते. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. ड्रायव्हर कितीही मिशीवाला असो, डबल बेल मिळाल्याशिवाय गिअर टाकत नाही. प्रवाशाने दोरीला हात लावला तर गाडीभर शांतता पसरते आणि कंडक्टर त्याच्याकडे असा बघतो की तो माणूस पुढच्या थांब्याला, स्वतःचा नसला तरी, उतरून जातो. विमानात घंटी प्रवाशाच्या डोक्यावर आहे. म्हणजे ज्याला हुकूम पाळायचा आहे त्याच्याच हातात हुकमाचं बटण दिलेलं आहे, आणि जिच्या हुकमावर नव्वद सेकंदांत एकशे ऐंशी जीव वाचायचे आहेत तिला त्या बटणावर हसत धावत यायचं आहे.

कशासाठी दाबतात? भाचीची यादी मोठी आहे. खाली कोणतं गाव आलं. एसी कमी करा. एसी वाढवा. बाजूचा माणूस घोरतो, त्याची सीट बदला. पायलट कोण आहे, कुठला आहे. विदर्भाचा प्रवासी ती लांबून ओळखते, कारण तो डब्यातले पोहे मागवतो. त्यात गरम पाणी ओतून झाकण लावून थांबायचं असतं. तो थांबतो, झाकण उघडतो, बराच वेळ आत बघतो आणि बटण दाबतो, "मॅडम, याच्यावरची तर्री?" उंचीवर, कोरड्या हवेत जिभेची चव तशीही मंदावते, हे शास्त्र त्याला सांगून उपयोग नसतो. तर्रीची उणीव समुद्रसपाटीलासुद्धा भरून निघत नाही.

आणि खर्रा. यवतमाळ-नागपूरच्या वाचकाला जास्त सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच की सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तयार होणारं हे द्रव्य तोंडात ठेवल्यावर माणसाला पुढच्या दहा मिनिटांत एका खिडकीची गरज लागते, आणि विमानाची खिडकी उघडत नाही. एकाने घंटी वाजवली, भाची गेली. तोंड बंद, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि बोट खिडकीकडे. तिने न विचारता उलटीची पिशवी पुढे केली. तो मोकळा झाला आणि पहिलं वाक्य बोलला, "ताई, तुमी आपल्याकडच्या आहा का?" आजवर तिच्या कामाची इतकी मनापासून पावती दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

मे महिन्यात दुपारी नागपूरला उतरणारं विमान ज्याने अनुभवलं आहे त्याला माहीत असेल की तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला कशी उचलून आपटते. पट्ट्याचा दिवा लागतो, क्रू स्वतःच्या घडीच्या खुर्चीवर पट्टे आवळून बसतात. त्या वेळीही डोक्यावरचं बटण वाजतं. पाणी हवं असतं. ती बसल्या जागेवरून सांगते, आता उठता येणार नाही. तो चिडतो, "पैसे देऊन बसलोय." कंडक्टर असता तर म्हणाला असता, "आमी का फुकट बसलो का बे?" आणि मागच्या बाकापर्यंत सगळे हसले असते. तिला म्हणावं लागतं, "सर, आपल्या सुरक्षिततेसाठी." चिडलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून शांत झालेलं मी कधी पाहिलेलं नाही, पण नोकरीचं पुस्तक तिला दुसरं वाक्य देत नाही.

चाकं टेकली की खरी जत्रा. विमान अजून धावत असतं आणि अर्धे लोक उभे राहून बॅगा ओढत असतात. मला पूर्वी वाटायचं, ही एसटीची सवय. आता वाटत नाही, कारण एसटीतून उतरायला आपण एवढी घाई करत नाही. घाई चढताना असते.

बॅगेवरून आठवलं ते हनेदा. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हनेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाला धडकलं आणि पेटलं. आत क्रू धरून ३७९ माणसं होती. घोषणेची यंत्रणा बंद पडली, तेव्हा केबिन क्रूंनी भोंगे घेतले आणि आरोळ्या मारल्या. कोणत्या दाराबाहेर आग आहे ते खिडकीतून पाहिलं, ती दारं उघडलीच नाहीत, सुरक्षित सापडली तेवढ्या दारांतून सगळ्यांना बाहेर काढलं. विमानाचा कोळसा झाला, आतली ३७९ च्या ३७९ माणसं वाचली. लोकांनी बॅगा सोडल्या, म्हणून वाटा मोकळ्या राहिल्या. त्या दिवशी कुणी डोक्यावरचं बटण दाबून पाणी मागितलं नाही. घंटी ज्यांच्या हातात असायला हवी होती त्यांच्याच हातात होती.

मोठ्या बाबांना ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मंग मी का म्हनलो होतो? कंडक्टर!" बहीण आता रागावत नाही. परवा शेजारणीला तिने स्वतःच सांगितलं, "पोरगी कंडक्टर आहे, इमानातली."

तेव्हा विमानात बसाल तर वाचकहो, दारातल्या नमस्काराला उलट नमस्कार करा. अशा वेळी बहुतेक लोक मोबाईलकडे बघत असतात आणि तिला ते दिवसातून चार वेळा सोसावं लागतं. बॅग स्वतः वर ठेवा. दिवा विझेपर्यंत बसून राहा. डोक्यावरचं बटण छातीत कळ आली, कुणी बेशुद्ध पडलं किंवा तोंडात खर्रा असेल तरच दाबा.